स्टार्चच्या पटलाला अतिसूक्ष्म कणांचे बळ

वस्तू गुंडाळण्यासाठी व बांधून देण्यासाठी वापरले जाणारे प्लॅस्टिकचे पातळ पटल आज दैनंदिन जीवनाचे एक अंग बनले आहे. ते हलके, स्वस्त, पाण्याला दाद न देणारे आणि वजनाच्या मानाने बळकट असते. परंतु ज्या रासायनिक बांधणीमुळे हे गुण त्याच्या अंगी येतात, त्याच बांधणीमुळे ते टाकून दिल्यानंतरही नष्ट होत नाही. पॉलिथिलीनमधील कार्बनच्या लांबच लांब साखळ्या तोडण्याचे सामर्थ्य जमिनीतील बहुसंख्य सूक्ष्म जीवांजवळ नाही. त्यामुळे बाजारातून भाजी घरी नेण्यास लागणाऱ्या अर्ध्या तासासाठी वापरलेली पिशवी पुढे कित्येक दशके मातीत वा पाण्यात पडून राहते.

या पिशव्यांची किंमत समाजाला कशी मोजावी लागते, याची तीव्र जाणीव महाराष्ट्राला २६ जुलै २००५ रोजी झाली. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई जलमय झाली. पाणी तुंबण्याच्या अनेक कारणांत गटारे व नाले यांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या हेही एक कारण गणले गेले. पुढे मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने अधिसूचना काढून प्लॅस्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या एकदाच वापरावयाच्या वस्तू यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशव्यांची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरविण्यात आली. कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांना मात्र जाडीची ही अट लागू नाही.

शेतीतही हा प्रश्न आहे. टोमॅटो, मिरची, कलिंगड यांसारख्या पिकांच्या वाफ्यांवर अंथरले जाणारे आच्छादनाचे पटल, ज्याला शेतकरी मल्चिंग पेपर म्हणतात, ते साधारणतः २५ ते ३० मायक्रॉन जाडीचे असते. त्यामुळे पाण्याची बचत होते व तण वाढत नाही. परंतु हंगाम संपल्यावर उन्हाने जीर्ण झालेले हे पटल सबंध निघत नाही; त्याचे तुकडे जमिनीत राहून जातात.

काम असेपर्यंत टिकावे आणि काम संपल्यावर मातीत मिसळून जावे, अशी दुहेरी अपेक्षा ज्याच्याकडून करता येईल असे पटल कशापासून बनवावे, हा प्रश्न जगभरातील शास्त्रज्ञ गेली पाच दशके सोडवीत आहेत. त्याचे एक उत्तर त्यांना धान्य व कंदमुळे यांतील स्टार्चमध्ये दिसले आणि त्या उत्तरातील उणीव भरून काढण्यासाठी ते अब्जांश मापाच्या कणांकडे वळले.

चिकवडीचे शास्त्र

वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तयार केलेली साखर स्टार्चच्या रूपाने साठवून ठेवतात. गहू भिजवून, वाटून काढलेला चीक, साबुदाणा, तांदळाची पेज या सर्वांतील मुख्य घटक स्टार्च होय. स्टार्चचे रेणू ग्लुकोजची असंख्य एकके जोडून बनलेले असतात. त्यांचे दोन प्रकार आहेत. अमायलोज हा बहुतांशी सरळ साखळीचा, तर अमायलोपेक्टिन हा झाडाच्या फांद्यांसारख्या शाखा फुटलेला. मक्याच्या सर्वसाधारण स्टार्चमध्ये सुमारे एकचतुर्थांश अमायलोज व उरलेला भाग अमायलोपेक्टिन असतो. पटल बनविण्यास सरळ साखळीचा अमायलोज अधिक अनुकूल ठरतो.

स्टार्चचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत. परंतु पाण्यात घालून ते साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते. ही खळ पातळ पसरून वाळविली असता रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतून पारदर्शक पापुद्रा तयार होतो. महाराष्ट्रातील गृहिणी दर उन्हाळ्यात साबुदाण्याच्या चिकवड्या घालतात, तेव्हा त्या नकळत हेच कार्य करीत असतात. चिकवडी वाळल्यावर कडक व ठिसूळ होते आणि पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर सादळते. स्टार्चच्या पटलाचे दोन मोठे दोष या साध्या निरीक्षणात सामावलेले आहेत.

पहिला दोष ठिसूळपणाचा. तो घालविण्यासाठी खळीत ग्लिसरीनसारखा मृदुकारक पदार्थ मिसळतात. त्याचे प्रमाण स्टार्चच्या वजनाच्या २० ते ३० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असते. ग्लिसरीनचे रेणू स्टार्चच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकण्यास वाव देतात. पटल लवचीक होते, पण त्याची ताकद घटते. पॉलिथिलीनच्या सामान्य पटलाचे ताणबल सुमारे १० ते २० मेगापास्कल असते. ग्लिसरीन घातलेल्या स्टार्चच्या पटलाचे ताणबल पुष्कळदा दोन ते पाच मेगापास्कलच्या आसपासच राहते.

दुसरा दोष पाण्याच्या ओढीचा. स्टार्च व ग्लिसरीन हे दोन्ही पदार्थ हवेतील बाष्प शोषून घेतात. हवा दमट झाली की पटल ढिले पडते आणि कोरडी झाली की कडक होते. शिवाय काळ जाईल तसतसे स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांशी सुबक रांगांत जुळू लागतात. शिळी भाकरी किंवा पाव ज्या कारणाने कडक होतो, त्याच कारणाने जुने पटलही तडकू लागते.

आरंभीचे प्रयत्न

१९७० च्या दशकात ब्रिटनमधील ब्रुनेल विद्यापीठाचे जेरल्ड ग्रिफिन यांनी पॉलिथिलीनमध्येच स्टार्चचे कण मिसळण्याचा मार्ग सुचविला. त्याच सुमारास अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेतही स्टार्च व कृत्रिम बहुवारिके यांच्या मिश्रणातून पटले तयार करण्यात आली. पॉलिथिलीनमध्ये स्टार्च मिसळलेल्या पिशव्या जैव विघटनशील म्हणून काही काळ बाजारात गाजल्या. परंतु सूक्ष्म जीव त्यांतील स्टार्च तेवढा खाऊन टाकीत आणि पॉलिथिलीनचा चुरा मागे राही. नजरेआड होणे आणि नष्ट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा या अनुभवाने दिला. त्यानंतर संपूर्ण पदार्थच कुजणारा असावा, असा आग्रह वाढला. इटलीतील नोव्हामोंट या कंपनीने १९९० च्या सुमारास स्टार्च आणि विघटनशील बहुवारिके यांचे मिश्रण मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले. मात्र अशा मिश्रणातील विघटनशील बहुवारिके महाग असतात. म्हणून स्टार्चचे प्रमाण कायम ठेवून त्यालाच आतून बळकटी देता येईल काय, असा विचार पुढे आला.

भिंतीतील भुसा

ठिसूळ किंवा दुर्बल पदार्थात दुसरा बळकट पदार्थ मिसळून त्याला आधार देण्याची कल्पना प्राचीन आहे. मातीची भिंत घालताना चिखलात भुसा मिसळतात, म्हणजे ती वाळल्यावर तडकत नाही. काँक्रीटमध्ये लोखंडी सळया घालतात, त्यामागील तत्त्वही हेच होय. ताण पडला की तो दुर्बल पदार्थाकडून बळकट पदार्थाकडे जातो. हे घडण्यास दोन पदार्थांची एकमेकांवरील पकड चांगली असावी लागते आणि ती पकड त्यांच्या परस्परांना भिडलेल्या पृष्ठभागावर अवलंबून असते.

अब्जांश मापाच्या कणांचे महत्त्व येथे दिसून येते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ८० हजार नॅनोमीटर भरते. एखादा पदार्थ जितका बारीक करावा, तितके त्याच वजनात त्याचे पृष्ठफळ वाढत जाते. मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या मातीच्या खनिजाचे सर्व थर सुटे केले, तर त्याच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे ७५० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेसात गुंठे भरते. चिमूटभर मातीला स्टार्चच्या रेणूंशी भिडण्यास साडेसात गुंठ्यांचा पृष्ठभाग मिळतो. त्यामुळे भुसा किंवा खडूची पूड जेथे वीस-तीस टक्के घालावी लागली असती, तेथे हे कण तीन ते पाच टक्के पुरतात आणि पटल पातळ व पारदर्शक राहू शकते.

काळ्या मातीचे नाते

मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे नाव फ्रान्समधील मॉन्टमोरियाँ या गावावरून पडले असले, तरी त्याच्या कुळाची ओळख महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला पिढ्यान्पिढ्या आहे. दख्खनच्या पठारावरील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, त्याचे कारण तिच्यात याच कुळातील खनिजे विपुल असतात हे होय. या खनिजाचे थर पत्त्यांच्या जोडाप्रमाणे एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक थर सुमारे एक नॅनोमीटर जाड व शेकडो नॅनोमीटर रुंद असतो. दोन थरांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते. जेथून पाणी शिरते, तेथूनच स्टार्चचे रेणूही शिरू शकतात. व्यापारी प्रमाणावर हे खनिज बेंटोनाइट मातीतून मिळते आणि भारतात तिचे साठे गुजरातेतील कच्छ व राजस्थान या भागांत आहेत.

मातीच्या थरांनी बहुवारिकाला बळकटी येते, हे १९८० च्या दशकात जपानमधील टोयोटा कंपनीच्या संशोधन केंद्राने नायलॉनच्या बाबतीत दाखवून दिले. पाच टक्क्यांहून कमी माती मिसळली असता नायलॉनचे ताणबल लक्षणीय वाढले आणि भाराखाली आकार बदलण्याचे त्याचे तापमान सुमारे ६५ अंशांवरून १४० अंशांच्या वर गेले. स्टार्चवरील प्रयोग त्यानंतर सुरू झाले. कोरियातील शास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बटाट्याच्या स्टार्चमध्ये पाच टक्के मॉन्टमोरिलोनाइट मिसळले, तेव्हा ताणबल २.६ मेगापास्कलवरून ३.३ मेगापास्कलपर्यंत वाढले. वाढ सुमारे एकचतुर्थांश असली, तरी पॉलिथिलीनच्या मानाने हे बळ अद्याप कमीच आहे, हे विसरून चालणार नाही.

मातीच्या थरांचा दुसरा लाभ मात्र अधिक मोलाचा आहे. पटलात आडवे पसरलेले हे थर बाष्पाला व वायूंना सरळ मार्ग देत नाहीत. गर्दीच्या बाजारपेठेतून वाट काढणाऱ्या माणसाप्रमाणे बाष्पाच्या रेणूंना वळणे घेत जावे लागते. वाट लांबली की पटलातून ओलावा झिरपण्याचा वेग कमी होतो.

कापसाचे अदृश्य तंतू

बळकटीचे दुसरे साधन सेल्युलोज होय. सेल्युलोज हाही ग्लुकोजचाच बनलेला असल्यामुळे स्टार्चशी त्याचे चांगले जुळते. वनस्पतीच्या तंतूंमध्ये सेल्युलोजचे काही भाग विस्कळीत, तर काही भाग स्फटिकासारखे सुबक रचलेले असतात. तीव्र आम्लाने विस्कळीत भाग विरघळून टाकला की सुईच्या आकाराचे स्फटिक उरतात. त्यांची जाडी अवघी काही नॅनोमीटर, परंतु कडकपणा सुमारे १४० गिगापास्कल, म्हणजे साधारणतः पोलादाच्या दोनतृतीयांश भरतो. स्वीडनमधील रान्बी यांनी आम्लाच्या साहाय्याने असे सूक्ष्म कण वेगळे करण्याची रीत १९५० च्या सुमारास दाखवून दिली होती. त्यांचा बहुवारिकांना बळकटी देण्यासाठी उपयोग होतो, हे फ्रान्समधील ग्रनोबल येथील संशोधकांनी १९९५ साली सिद्ध केले. त्याच देशात १९९८ साली दुफ्रेन व विन्यों यांनी बटाट्याच्या चोथ्यातून काढलेले सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू बटाट्याच्याच स्टार्चच्या पटलात मिसळून ते अधिक बळकट केले.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाटाण्याच्या स्टार्चमध्ये जवसाच्या तंतूंपासून काढलेले स्फटिक क्रमाक्रमाने वाढवीत नेले. त्यांचे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत नेले असता ताणबल ३.९ वरून ११.९ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे पॉलिथिलीनच्या पंक्तीपर्यंत पोहोचले. मात्र बळ वाढले तसतशी पटलाची ताणली जाण्याची क्षमता कमी झाली. कोणत्या कामासाठी किती बळ आणि किती लवचीकपणा हवा, हे ठरवूनच मिश्रणाचे प्रमाण निश्चित करावे लागते.

देशात कापसाखालील सर्वाधिक क्षेत्र असलेल्या महाराष्ट्राला या संशोधनात विशेष स्वारस्य असणे स्वाभाविक आहे. कापसाच्या तंतूत नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजचा असतो. सरकीला चिकटून राहिलेला आखूड रोवा आणि सूतगिरण्यांत वाया जाणारे आखूड तंतू यांपासून हे सूक्ष्म सेल्युलोज काढता येते. मुंबईत माटुंगा येथे १९२४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या विषयात दीर्घ काळ काम केले असून, तेथे २०१५ साली नॅनोसेल्युलोज तयार करणारा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला.

वाटेतील अडथळे

सूक्ष्म कण खळीत टाकले म्हणजे पटल बळकट झाले, इतकी ही गोष्ट सोपी नाही. हे कण एकमेकांना ओढतात आणि त्यांचे गोळे बनतात. गोळा झालेला कण बळ देत नाही. उलट ताण पडताच पटल तेथूनच फाटू लागते. म्हणून मातीचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे नेले की ताकद वाढण्याऐवजी घटते. सेल्युलोजचे ओले सूक्ष्म तंतू वाळविले तर ते एकमेकांना घट्ट चिकटतात व पुन्हा सुटे होत नाहीत. त्यामुळे ते पाण्यासह साठवावे व न्यावे लागतात आणि वाहतुकीचा खर्च वाढतो.

दुसरा अडथळा ग्लिसरीनचा. ग्रनोबलमधीलच संशोधकांना २००० च्या सुमारास असे आढळले की, पटलातील ग्लिसरीन व पाणी सेल्युलोजच्या स्फटिकांभोवती गोळा होतात. जेथे पकड घट्ट हवी तेथेच निसरडे वंगण साचावे, असा हा प्रकार होय. त्यामुळे अपेक्षेइतके बळ मिळत नाही. मृदुकारकाची निवड व प्रमाण यांवर अजूनही संशोधन चालू आहे, ते याच कारणाने.

तिसरा अडथळा हवामानाचा. युरोपातील कोरड्या प्रयोगशाळेत मिळालेले आकडे कोकणच्या पावसाळ्यात लागू पडतीलच असे नाही. ज्या प्रदेशात हवेची आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, तेथे पटलाची चाचणी त्याच आर्द्रतेत घेणे अगत्याचे आहे.

कसोटी व सुरक्षितता

खाद्यपदार्थ गुंडाळावयाचे झाल्यास पटलातील कण अन्नात उतरतात काय, हे पाहावे लागते. इटलीतील शास्त्रज्ञांनी २००५ साली मातीमिश्रित स्टार्चच्या पटलाचा संपर्क पालेभाज्यांशी घडवून ही तपासणी केली. भाज्यांतील लोह व मॅग्नेशियम यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. सिलिकॉनचे प्रमाण मात्र काही अंशी वाढले. युरोपीय संघाच्या नियमांनुसार अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये अब्जांश रूपातील पदार्थ वापरण्यास स्पष्ट परवानगी असावी लागते.

कुजण्याची कसोटीही तितकीच काटेकोर आहे. भारतीय मानक १७०८८ प्रमाणे कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकमधील ९० टक्के सेंद्रिय कार्बनाचे १८० दिवसांच्या आत कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. तसेच बारा आठवड्यांनंतर दोन मिलिमीटरच्या चाळणीवर त्याचा दहा टक्क्यांहून अधिक भाग शिल्लक राहता कामा नये. पिशवीवर केवळ हिरवे पान छापल्याने ती कुजणारी ठरत नाही. अशा पिशव्यांच्या उत्पादकाजवळ केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असावे लागते. हा चाचणीचा कंपोस्ट ढीग सुमारे ५८ अंश सेल्सिअस इतका गरम असतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. नाल्यात किंवा समुद्रात टाकलेली कंपोस्टयोग्य पिशवी त्याच वेगाने कुजेल असे समजणे चुकीचे ठरेल.

उपयोगाची दिशा

या सर्व गुणदोषांचा विचार करता, बळकट केलेल्या स्टार्चच्या पटलाचे योग्य क्षेत्र कोणते हे स्पष्ट होते. दूध, तेल किंवा ओले पदार्थ भरण्यास ते आज तरी उपयोगी नाही. परंतु ज्या वस्तूचे आयुष्य अल्प आहे आणि जिचा शेवट मातीतच व्हावयाचा आहे, तेथे ते उपयोगी पडू शकते. रोपवाटिकेतील पिशवी रोपासह खड्ड्यात लावता आली, तर पिशवी फाडताना मुळांना इजा होणार नाही. वाफ्यावरील आच्छादन पीक निघाल्यावर नांगरटीबरोबर मातीत मिसळले, तर ते वेचण्याची मजुरी वाचेल व जमीनही स्वच्छ राहील. राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेतही रोपवाटिका, फलोत्पादन, शेती व घनकचरा हाताळणी यांसाठी कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना सूट ठेवण्यात आली होती, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

मात्र स्टार्च हे माणसाचे अन्न आहे. ताटातील घास पिशवीसाठी वळविणे कोणासही रुचणार नाही. म्हणून भाताच्या गिरणीतील अखाद्य कणी, बटाटे कापण्याच्या कारखान्यांतील धुवणाचे पाणी, आंब्याचा रस काढल्यावर फेकल्या जाणाऱ्या कोयींतील गर अशा टाकाऊ साधनांतून मिळणारा स्टार्च प्रथम वापरला पाहिजे. त्याला कापसाच्या आखूड रोव्याचे बळ देता आले, तर दोन्ही घटक शेतातूनच येतील. सेल्युलोज सूक्ष्म जीवांचे अन्न होते आणि मातीचे खनिज मातीतच परत जाते. त्यामुळे बळकटीसाठी घातलेला पदार्थ कुजण्याच्या क्रियेत अडसर होऊन बसत नाही.

प्रयोगशाळेत तळहाताएवढे पटल ओतून वाळविणे आणि कारखान्यात तासाला शेकडो मीटर पटल काढणे यांत मोठे अंतर आहे. ते कापण्यासाठी कणांचे समान वितरण, दमट हवेतील टिकाऊपणा आणि परवडणारी किंमत या तीन गोष्टी साधाव्या लागतील. त्या साधेपर्यंत कापडी पिशवी हाती घेऊन बाजारास जाणे आणि शेतातील जुने आच्छादन वेळीच वेचून काढणे, हे प्रत्येकाच्या हातचे उपाय आहेत आणि त्यांचे महत्त्व नव्या पटलाच्या शोधाने कमी होत नाही.